डावीकडची पायरी

रोडपालीत कृष्णकांतांना नावानं फारसं कुणी ओळखत नाही. 'बगळेवाले काका' म्हटलं की पानवालासुद्धा घर दाखवतो. पनवेलच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्या पुकारून त्यांनी घसा बसवला, आणि निवृत्त झाले त्याच आठवड्यात कॅमेरा घेऊन आले. म्हातारपणी शिंगं मोडून वासरांत शिरणारे पुष्कळ असतात, हे थेट खाडीच्या चिखलात शिरले.

खेकडे, तारेवरचा खंड्या, जाळ्यावर झोपलेलं मांजर, काही म्हणून सुटायचं नाही. फक्त माणसाचा फोटो ते काढत नसत. "माणसं स्टँडवर खूप बघितली," म्हणायचे.

थंडीत दर रविवारी मोरा बंदराची जेटी ठरलेली. सोबत बायको, सुमती. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि जादाची बॅटरी. जेटीवर पोचलं की कृष्णकांत तिला डावीकडची पायरी दाखवायचे. "तिकडं बस. तुझं लुगडं भडक, पाखरं बिचकतात." ती निमूट जाऊन बसायची. हे कॅमेऱ्याला डोळा लावत, आणि बघता बघता कुरव, थंडीत खाडीवर येणारी ती पांढरी समुद्रपाखरं, हाताच्या अंतरावर उतरायचे. कृष्णकांतांची छाती फुगायची. "पाखरांना माणूस कळतो," असं ते गावभर सांगत. पंख उभारून मान वळवलेल्या एका कुरवाला कुठल्याशा स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, तेव्हा तो फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लागला.

गेल्या संक्रांतीनंतरच्या रविवारी सुमती नवीन केशरी लुगडं नेसून आली होती. निघताना म्हणाली, "एवढी पाखरां काढता, माजा पन एक काढा ना."

"आत्ता ऊन चढलंय, लाइट नाय. पुढल्या खेपेला."

पुढली खेप तशीच गेली, त्याच्या पुढलीही. तिनं पुन्हा विचारलं नाही. भाद्रपदात तापाचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत ती गेली.

नाक्यावर बॅनर लावायचा म्हणून जावई धनेश फोटो मागायला आला. "बाबा, आईचा चांगलासा द्या. तुमच्याकडं काय तोटा?"

कृष्णकांतांनी कॉम्प्युटर उघडला. अकरा हजार फोटो होते. एकात पायरीवर पडलेली तिची सावली सापडली, एकात लुगड्याचा काठ. बाई कुठंच नव्हती. लग्नाचा अल्बम पुरात गेलेला. लेकीच्या, रंजिताच्या मोबाइलमध्ये होती ती घोळक्यातली, कुठं डोळे मिटलेली, कुठं कुणाच्या खांद्याआड. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात ती कुणीतरी दटावल्यासारखी दिसत होती. त्या बॅनरखालून जाताना कृष्णकांत मान वर करत नसत.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना तर काय कबूल करायचं, ते कृष्णकांतांनी मनात घोकून ठेवलं होतं. पण भटजी बाजूला होतात न होतात तोच कावळा आला. सुमतीचा भाऊ बळीराम डोळे पुसत म्हणाला, "बायची काय विच्छा नव्हती राह्यली. सुखी गेली."

सगळ्यांना हायसं वाटलं. एकटे कृष्णकांत तेवढे रडले, आणि का रडले ते कुणाला सांगू शकले नाहीत.

थंडी पडली, कुरव आले. रंजितानंच बळंबळं मोऱ्याला पाठवलं. कृष्णकांत नेहमीच्या जागी तासभर बसले. पाखरं लांब पाण्यावर तरंगत राहिली, एकही जवळ येईना. सुकी मासळी विकणारी ठमाबाई टोपली घेऊन शेजारी टेकली.

"आज बाय नाय आली?"

"का गं?"

"दर खेपेला मूठ मूठ जवला न्यायची माज्याकरनं. त्या पायरीवर बसून पाखरांना टाकायची. आज टाकनारा कोन हाय त्यांना?"

कृष्णकांतांना हे ठाऊकच नव्हतं. पाच वर्षं त्यांचा एक डोळा कॅमेऱ्याला आणि दुसरा मिटलेला. "ती गेली," ते म्हणाले. ठमाबाईनं कपाळावर हात मारला. मग एक मूठ जवळा त्यांच्या ओंजळीत ओतला आणि उठली.

घरी येऊन त्यांनी फोटो पुन्हा उघडले. या वेळी सुमतीला शोधलं नाही, नुसत्या पाखरांच्या माना बघितल्या. जेटीवरचा एकही कुरव कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. सगळ्यांच्या चोची डावीकडं. बक्षिसाचा कुरवसुद्धा पंख उभारून तिकडंच बघत होता, आणि त्याच्या नजरेचं परीक्षकांनी केवढं कौतुक केलं होतं!

कृष्णकांतांनी दाराच्या वरचा सुमतीचा तोच आधार कार्डावरचा फोटो हारासकट उतरवला. बक्षिसाच्या फोटोच्या डाव्या अंगाला खिळा ठोकला आणि तिला तिथं लावलं.

हातोडीचा आवाज ऐकून रंजिता स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, आईला तिथं का लावलंत? दारावर बरी दिसत होती."

"अगं," ते म्हणाले, "ती तिथंच बसायची."