दादांचं आठवं मरण

ताईंनी सांगितलं तेव्हा मी हसले. हे लिहिताना हात थांबतो, पण झालं ते तसंच झालं. मी पुऱ्या तळत होते. ताईंच्या मुलीला बघायला मनमाडहून पाहुणे येणार होते, चाळीसेक पुऱ्या करायच्या होत्या. ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, हातात परदेशी तिकीट लावलेलं पाकीट होतं. म्हणाल्या, "यमुना, आपले योहानदादा गेले गं." मी झाऱ्याने पुरी उलटली आणि हसत म्हणाले, "या वेळेला कशानं? गोळीनं का बुडून?" मग मी मागे वळून पाहिलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या... तेव्हा मला कळलं. कढईतली पुरी काळी होऊन गेली होती.

'या वेळेला' असं मी का म्हणाले, ते समजायला थोडं मागे जायला हवं. योहानदादा जर्मनीचे. गाणी स्वतः लिहायचे, चाल स्वतः लावायचे, गायचेही स्वतःच, आणि तिकडच्या नाटक-सिनेमात कामं करायचे. मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या ताईंचे यजमान, म्हणजे साहेब, अंबडच्या कारखान्यात होते. कामासाठी सहा महिने जर्मनीला गेले तेव्हा दादा त्यांचे शेजारी होते. तिकडच्या थंडीत दादांची छाती भरायची, आवाज बसायचा, म्हणून साहेबांनी त्यांना नाशिकला इंदिरानगरच्या बंगल्यावर बोलावलं. एका हिवाळ्यासाठी म्हणून आले आणि दहा-अकरा वर्षं दर हिवाळ्यात येत राहिले. पहिल्या वर्षी माझी मुलगी बालवाडीत होती, शेवटच्या वर्षी ती दहावीत होती.

माझं माहेर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचं. शाळा चौथीपर्यंत. नवरा बांधकामावर नाशिकला आला, त्याच्यामागे मी आले. माणसांसमोर मला बोलता येत नाही, तोंड उघडायच्या आधीच पदर तोंडावर जातो. गोऱ्या माणसासमोर तर विचारायलाच नको. पहिला महिनाभर मी दादांचं ताट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून पळून यायची. एक दिवस दादा स्वतःच ताट घेऊन खाली आले, स्वयंपाकघरातला पाट ओढला आणि भिंतीला टेकून बसले. "वर एकटा. इथे छान," म्हणाले. एवढंच मराठी त्यांना तेव्हा येत होतं. त्या दिवशी मी माझ्यासाठी आणलेली नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी त्यांनी मागून घेतली. चटणीने नाकातोंडातून पाणी आलं, तरी बोट चाटून पुन्हा मागितली. तेव्हापासून तो पाट दादांचा झाला, आणि जेवण झालं की ते तिथेच गिटार घेऊन बसायला लागले.

आमच्या कुकरची शिट्टी त्यांना फार आवडायची. पहिली शिट्टी झाली की ते तार छेडून तोच सूर बरोबर पकडायचे, मग तोंडाने धरून ठेवायचे, आणि मान हलवून मला खुणावायचे, 'तू पण.' मी पदरात तोंड घालायची. "यमुना, कुकर लाजत नाही," ते म्हणायचे, "तू का लाजते?" दहा वर्षं रोज हेच. एकदा फक्त मी म्हणाले, "कुकरला कुठं सासू हाय, दादा?" ताईंनी त्यांना अर्थ सांगितला, तर इतके हसले की गिटार मांडीवरून घसरली. पण सूर मी कधी धरला नाही. त्यांची गाणी मला शब्दाने कळायची नाहीत. ताई सांगायच्या. बेकरीत उभी राहून पाय सुजलेली एक बाई, रेल्वेच्या फाटकापाशी आयुष्य घालवलेला एक म्हातारा, धुण्याच्या साबणाचा वास येणारे आईचे हात, असलंच सगळं. मला वाटायचं, एवढ्या लांबच्या देशात हा माणूस आमच्यासारख्यांचीच गाणी करतो की.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी दादांनी त्यांच्या एका सिनेमाची कॅसेट आणली. दुपारची वेळ होती. साहेबांनी व्हीसीआर लावला आणि ताईंनी मलाही बोलावलं. मी दाराला टेकून बसले. दादा त्यात सिग्नलवाले झाले होते. शेवटी त्यांना कोणीतरी गोळी मारतं. ते बर्फात पडतात आणि त्यांचे डोळे उघडेच राहतात. खूप वेळ ते उघडे डोळे दाखवले, कोणी मिटायलाही आलं नाही... मी उठले, मागच्या अंगणात गेले आणि अंगावरच्या लुगड्यासकट नळाखाली बसले. डिसेंबरचं पाणी होतं. मग ओल्या अंगाने पायरीवर बसून राहिले.

दादा जिवंत आहेत हे मला कळत होतं. आत त्यांचा खोकलाही ऐकू येत होता. पण डोळ्यांनी पाहिलेलं मरण पुसून कसं टाकायचं? आमच्याकडे मढं पाहिलं की अंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी जात नाहीत, आणि घरचं माणूस असेल तर त्या दिवशी चूल पेटत नाही. संध्याकाळ झाली तसे दादाच खाली आले, पोटावर हात फिरवत. "यमुना, भूक!" मी मान खाली घालून म्हणाले, "आज चूल नाही पेटायची, दादा." ताई आधी रागावल्या, मग माझी ओली वेणी बघून त्यांना उमगलं. त्या हसत सुटल्या आणि दादांना इंग्रजीत सांगायला लागल्या. दादाही हसले. मग माझी ओली वेणी त्यांच्या नजरेला पडली. "अंघोळ? माझ्यासाठी? या थंडीत?" पाटावर बसून त्यांनी बोटांवर मोजलं. सिनेमात आणि नाटकात मिळून ते सात वेळा मेले होते. "सात वेळा," ते म्हणाले, "आणि सगळे लगेच जेवायला गेले. मी पण." त्या संध्याकाळी घरात सगळ्यांनी केळी आणि चुरमुरे खाल्ले. जाताना दादा दारात थांबले. "खरा मेलो, तरी चूल बंद?" मी पदराआडून मान हलवली. "नाही. तोंडानं सांग." मी म्हणाले, "हो." त्यांच्याशी मी इतक्या मोठ्याने दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते एक नवीन गाणं घेऊन आले. लांबच्या एका गावात एक बाई असते, न मेलेल्या माणसासाठी ती चूल थंड ठेवते, असं ते गाणं होतं. मी घाबरून ताईंना विचारलं, "माझं नाव घातलं का हो त्यात?" दादा म्हणाले, "नाव घातलं असतं तर तू काम सोडून पळाली असती."

तर अशा माणसाच्या मरणाची बातमी ऐकून मी हसले. आणि त्याहून वाईट म्हणजे, मी पुऱ्या तळल्या. ताई डोळे पुसत म्हणाल्या, "यमुना, पाहुणे दारात येतील आता, तेवढं उरकून घे गं, मग बघू." आणि मी उरकलं. मला नाही म्हणता आलं नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, की ताई, मी त्यांना शब्द दिलाय. पण तेवढं वाक्य तोंडातून निघेना आणि हात आपोआप लाटत राहिले. पाहुण्यांनी पुऱ्या चांगल्या झाल्या म्हणून सांगितलं. पंधरा दिवस झाले या गोष्टीला, अजून ते शब्द माझ्या कानात आहेत.

घरी जाऊन अंघोळ केली, स्टोव्ह पेटवला नाही. नवरा म्हणाला, "तो काय आपला पाव्हणा लागतो? लोक जेवले, तू रांधून घातलं, आन् आता घरात उपास?" मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." मग तो कोपऱ्यावरून भेळ घेऊन आला आणि आम्ही तिघांनी ती खाल्ली. पण माझं समाधान होईना. दादांनी शब्द घेतला होता तो त्यांच्या पाटासमोरच्या चुलीचा, माझ्या घरच्या स्टोव्हचा नव्हे.

दोन दिवसांनी साहेबांनी पत्र नीट वाचून दाखवलं. दादांच्या बहिणीचं होतं. दादा जाऊन तेव्हाच तीन आठवडे झाले होते, म्हणजे ते गेले त्या दिवशी मी बहुतेक नेहमीसारखी हसत-खेळत भाकऱ्या थापत होते. तालमीत चहाची सुट्टी झाली, ते खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. लोकांनी हाका मारल्या. एकाला वाटलं, योहान नेहमीसारखं सोंग करतोय. तो हसला आणि टाळ्या वाजवायला लागला... साहेब तिथे थांबले. मी पदर तोंडात कोंबला. तिकडेही कोणीतरी हसलं होतं, आणि तोही माणूस आता माझ्यासारखाच ते आठवून जागोजागी थांबत असेल.

त्या दिवशी मी बोलले. उभी राहूनच बोलले, ताईंकडे न बघता. "ताई, उद्या मी येईन, पण गॅस पेटवणार नाही. दादांना मी हो म्हणाले होते." मला वाटलं आता त्या रागावतील. पण त्या म्हणाल्या, "मला आठवायला हवं होतं गं. मीच तुला पुऱ्या करायला लावल्या." त्यांनी तिथेच वाकून सिलिंडरचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला गेले. ओटा पुसला, भांडी जागच्या जागी लावली आणि भिंतीजवळ बसले. दादांचा पाट समोर होता. त्याच्या एका कडेला गिटार टेकून टेकून रंग उडालाय, तेवढा भाग पांढरा दिसतो. ताई येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या, पहिल्यांदाच. साहेब चुरमुरे घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. साडेअकरा झाले. या वेळेला माझ्या कुकरची पहिली शिट्टी होते. कुकर मांडणीवर कोरडा, उपडा होता. घरात इतकं शांत होतं की ताईंचा श्वास ऐकू येत होता... सूर धरायला कोणीच नव्हतं, ना कुकर, ना दादा. मी पदर तोंडावरून खाली घेतला आणि तो सूर धरला. बारीक आवाजात, थोडा कापरा. पण दम संपेपर्यंत धरून ठेवला.