बिननावाची चिठ्ठी

हरिहर टिपणिसांचा आवाज मुळातच बारीक. दवाखान्याच्या वाचनालयातली डॉक्टरीची पुस्तकं सांभाळणाऱ्याला आवाज हवाच कशाला? पण अठराशे सत्त्याण्णवात ठाण्यात प्लेग शिरला, लोक एकमेकांच्या हातची वस्तू घेईनात, तेव्हा त्यांनी वाचनालयाचं दारच लावून घेतलं. पुस्तक द्यायचं नाही, खिडकीतून वाचून दाखवायचं! लोक प्रश्नाची चिठ्ठी चिरलेल्या बांबूच्या टोकात अडकवून खिडकीशी धरत. नाव मात्र लिहायचं नाही, कारण नाव कळलं की प्लेगचे सरकारी तपासणीवाले घरात घुसतील, ही धास्ती प्रत्येकाच्या पोटात होती. हरिहरराव चिठ्ठी कडुलिंबाच्या धुरावर धरत आणि इंग्रजी पुस्तकातलं उत्तर मराठीत सांगत.

रोग घरी जायला नको म्हणून महिनाभर ते कपाटामागेच झोपत होते. बायको मंदाकिनी आणि पाच वर्षांची सुमती तिकडे कोपरीला.

काखेत-जांघेत प्लेगची गाठ आली, की उत्तर ठरलेलं. ‘लपवू नका. आजाऱ्याला प्लेगच्या इस्पितळात न्या, घर रिकामं करा.’ परवा बाळकुमच्या गिल्बर्टने ते ऐकलं आणि आईला नेऊन सोडलं. म्हातारी काही परत आली नाही. आज तो खिडकीसमोरच उभा होता. त्याच्याकडे बघायची हरिहररावांची छाती होईना.

तेवढ्यात बांबू पुढे आला. ‘मुलगी पाच वर्षांची. दोन दिवस ताप. काखेत गाठ. काय करावे?’

अक्षर त्यांनी बघताच ओळखलं. वाण्याच्या यादीत वर्षानुवर्षं बघितलेलं अक्षर ते! बाहेर तोंडावर पदर ओढून मंदाकिनी उभी होती. तिला बापाचं नव्हे, पुस्तकाचं उत्तर हवं होतं.

साधं गळू आहे म्हणून सांगितलं तर? चिठ्ठीवर नावच नाही, कोणाला कळणार? पोर आईच्या कुशीत तरी राहील. देवा रे, ही बिननावाची युक्तीही आपलीच!

“वाचा ना, साहेब,” गिल्बर्ट म्हणाला. “माझ्या वेळेला तर भराभर वाचलंत.”

पानावरचं काही दिसेना, पण उत्तर तोंडपाठ होतं. “लपवू नका,” हरिहरराव म्हणाले. “इस्पितळात न्या. घर रिकामं करा.” पदराआडून हुंदका आला.

महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी दाराची कडी काढली. “चिठ्ठी माझ्या घरची आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “चल गं घरी. सुमतीला मी उचलून घेतो.”

गर्दी झटकन मागे सरली. गिल्बर्ट तेवढा जागचा हलला नाही.

“पोरीला चालत कुठं नेता?” तो म्हणाला. “माझी बैलगाडी आहे.”