शालिकरामजींचं फुलपाखरांचं रजिस्टर

अकोल्यात तीस वर्षं फवारणीच्या औषधांचं दुकान चालवून झाल्यावर शालिकरामजींना एकाएकी निसर्गाची ओढ लागली. दुकान मुलाच्या स्वाधीन करून त्यांनी अंगणात झेंडू, जास्वंद, सदाफुली लावली आणि खुर्ची टाकून बसले. हातात दुकानातलंच एक कोरं रजिस्टर. डाव्या पानावर पाहुण्यांची नोंद व्हायची: बुलबुल दोन, शिंजीर एक, बिनकामाचे कावळे भरपूर.

उजवं पान पराक्रमाचं होतं. कुंपणाजवळच्या लिंबूच्या झाडावर अळी दिसली की त्यांचा हात आपोआप पंपाकडे जायचा. कापसावरची असो की लिंबूवरची, अळी म्हणजे दुश्मन. रोज सकाळी फवारायचं, खाली पडलेल्या मोजायच्या आणि 'अळ्या मारल्या' म्हणून आकडा लिहायचा. तिथे घरटं शिवणारी शिंपी पक्ष्याची जोडी निघून गेली, तेव्हा डाव्या पानावर त्यांनी 'स्थलांतर' असं नोंदवून टाकलं.

अडचण एकच होती. अमरावतीच्या नातीला, दामिनीला, दिवाळीच्या सुटीत काळं-पिवळं फुलपाखरू दाखवायचा शब्द ते देऊन बसले होते. मोबाईल सोडून पोर पहिल्यांदाच त्यांच्या अंगणासाठी येणार होती, आणि ते फुलपाखरू काही फिरकेना. शालिकरामजींनी हवेला दोष दिला, मोबाईलच्या टॉवरला दिला, शेजारच्या पुंजाजींच्या मांजरीलाही दिला. औषधामुळे तर नसेल, असं रुख्मिणीबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी बायकोला आपला तीस वर्षांचा अनुभव ऐकवला. बाईंनी तो ऐकून घेतला आणि लोणच्याची रिकामी बरणी शोधायला गेल्या.

दामिनी आली. दोन दिवस अंगणात बसून कंटाळली. आजोबा ओशाळून चहावर चहा पीत राहिले. तिसऱ्या सकाळी रुख्मिणीबाईंनी बरणी आणून समोर ठेवली. तोंडाला फडकं बांधलेलं, आत पुंजाजींच्या बिनफवारणीच्या लिंबूची डहाळी, आणि तिच्यावर ओले पंख वाळवत बसलेलं काळं-पिवळं फुलपाखरू. हे आलं कुठून, असं शालिकरामजींनी हरखून विचारलं.

"तुमी रोज सकायी ज्याईले मारून राहिले," बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याईतलीच एक अळी लपवून ठेवली होती मी."

फडकं सोडलं, तसं थोड्या वेळाने ते उडून झेंडूवर जाऊन बसलं. आजोबांना नोंद करता यावी म्हणून दामिनीने आनंदाने रजिस्टर उघडलं. तिसरीतली पोर, दिसेल ते वाचणारी. डावं पान वाचून झालं, मग उजवं. खालच्या बेरजेवर बोट ठेवून तिने विचारलं, "आबा, मंग हे एकशे चौदा फुलपाखरं तुमीच मारले का?"

शालिकरामजींनी रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं. त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी डाव्या पानावर 'एक' लिहिलं आणि पुढे रुख्मिणीचं नाव घातलं. उजव्या पानावरचा आकडा खोडावा म्हणून पेन तिकडे नेलं, पण पोर बघत होती.