जांभळावरची काळी पट्टी

चौथीत शाळा सोडली आणि आयुष्यभर लोकांच्या घरांवर कौलं घातली. त्यामुळं कशावर काय चढवायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, अशी माझी समजूत. अजून हाय.

गेल्या साली ड्रोननं आमच्या गावाचे फोटो काढले. माझी नात कोल्हापुरात नकाशाचंच काम करते. ते सगळे तुकडे जोडून एक मोठा फोटो करायचं काम तिच्याकडं आलं. तो ग्रामपंचायतीत लागणार होता. बांधावरचं जांभूळ मी माझ्या हातानं लावलेलं, आणि चुलतभाऊ म्हणतो, झाड त्याच्या हद्दीत हाय. मी चावडीवर सांगून टाकलं, आता वरनंच बघू की.

रविवारी नातीनं जोडलेला फोटो दाखवला. जांभळाच्या जागी काळी पट्टी.

"झाड कुठं गेलं?"

"आबा, शंभरभर फोटो आहेत, हातानं नाही जोडले. प्रत्येक फोटोच्या पोटात त्याची जागा लिहिलेली असते. मी लिहिलेला प्रोग्रॅम ती वाचतो आणि फोटो तिथं नेऊन ठेवतो."

"ठेवतो, खरं. पण कड बघत न्हाय. फुटक्या कडंचं कौल खाली दाबायचं असतंय, त्यानं वर घातलंय."

ती हसली. मग फोटो मोठा करून बघितला आणि हसायची थांबली. शेजारच्या फोटोची रिकामी, काळी कड जांभळावर येऊन बसली होती. तिनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, काळं ते रिकामं समज. मी मिशीवर हात फिरवला आणि चहा मागितला.

चहा येईपर्यंत झाड दिसलं. बांधाच्या चांगलं दोन हात पलीकडं, चुलतभावाच्या शेतात.

"फोटो सरकलाय," मी म्हटलं.

"मग बांध पण सरकला असता की. दोन्ही एकाच फोटोत आहेत."

मी चहा ढवळत बसलो. त्यात साखर नव्हतीच.

"आबा, काळी पट्टी परत घालू?" तिनं अगदी सरळ तोंडानं विचारलं.

गळती झाकून मी कुणाच्या छपरावरनं उतरलेलो नाही. "ऱ्हाऊ दे," म्हटलं.

फोटो लागला त्या संध्याकाळी चुलतभाऊ दारात उभा.

"जांभळं उतरायला मी चढू, का तू चढतोस?"

"मीच चढणार," मी म्हटलं. "हद्द तुझी असंल. लावलंय मी."