मल्हारी सरांचा न आखलेला रकाना

मल्हारी देवरे हे नाव ठेवणाऱ्यांना पुढचं काय ठाऊक! कळवणकडचं शेतकरी घर, पिढ्यान्‌पिढ्या खंडोबाची तळी उचलणारं, आणि त्यात निघाला हा देव न मानणारा. नुसता न मानणारा असता तरी चाललं असतं. पण समोरच्याचाही देव काढून घेतल्याशिवाय सरांना जेवण जात नसे. सुरगाणा तालुक्यातल्या एका डोंगरी गावात, नाव मी सांगणार नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही अकरा वर्षं बरोबर शिकवलं. ते विज्ञान, मी मराठी.

मी नाशिकची, पंचवटीतली. माझं देवाशी नातं सोयीचं. आहे म्हणवत नाही आणि नाही म्हणायची छाती नाही. मुलीची बारावी होती तेव्हा कालिकेला गुपचूप नारळ ठेवून आले. सरांना कसं कोण जाणे, कळलं. "उज्ज्वलाबाई, तुमचे दोन्ही डगरींवर हात," म्हणाले. मी म्हटलं, "तुमचा एकीवरच आहे सर, ती ढासळली तर?" सर खळखळून हसले. माणूस हसरा होता. पुढे ते हसू राहिलं नाही, म्हणून आत्ताच सांगते.

आणि खरा होता. तपासणीच्या दिवशीसुद्धा गैरहजर मुलाची हजेरी त्यांनी मांडली नाही, त्यापायी आम्ही सगळ्यांनी बोलणी खाल्ली. "चांगलं वागायला वर कोणी बसलेलं लागत नाही," असं ते म्हणायचे आणि तसं वागून दाखवायचे. त्यामुळे त्यांच्याशी नीट भांडताही यायचं नाही.

गावात बहिरू गावित नावाचा भगत होता. साठीचा, किडकिडीत, अबोल. कोणाला साप चावला, कोणाचा ताप उतरेना, की लोक बहिरूचं दार गाठायचे. तो सुपात मूठभर तांदूळ टाकायचा, पुटपुटायचा आणि दाणे जोडीजोडीने बाजूला सारायचा. सगळ्या जोड्या जमल्या तर देवाचं म्हणणं एक, दाणा एकटा उरला तर दुसरं. ते म्हणणं तो घरातल्या वडीलधाऱ्याच्या कानात सांगायचा. तिसऱ्याने ते ऐकायचं नाही, असा रिवाज.

सरांनी दोन वर्षं बहिरूचा पिच्छा पुरवला. दार दिसेल असं उभं राहायचं आणि वहीत लिहायचं. रकाने आखलेले: तारीख, वेळ, दुखणं, उरलेले दाणे. तेवीस वेळा पाहिलं आणि तेवीसही वेळा एकच दाणा उरला.

"हे आपोआप होत नाही, बाई," सर मला म्हणाले. डोळे नुसते चमकत होते. "हा हातचलाखी करतो." मलाही आनंद झाला. कोणाचं तरी पितळ उघडं पडणार म्हटलं की आपल्याला केवढी उकळी फुटते! मला आज त्याची लाज वाटते.

अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्ही शाळेच्या मैदानात गाव जमवलं. माईक मी धरला होता. सरांनी बहिरूला मानाने पुढे बसवलं. मग स्वतः सूप घेतलं आणि बोटांच्या बेचक्यात दाणा कसा लपवायचा ते सगळ्यांना दाखवलं. पाच वेळा मांडलं, पाचही वेळा एक उरला. नंतर वही वाचली. आधी मुलं हसली, मग त्यांच्या आया, मग म्हातारेसुद्धा. मी माईक काखेत धरून टाळ्या वाजवल्या. बहिरू उठला, धोतर झटकलं आणि एक शब्द न बोलता निघून गेला. त्यानंतर त्याच्या दारात कोणी गेलं नाही.

त्याच वर्षी भातकापणीत लंकाबाईला घोणस चावली.

लंकाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. सर जेवले की नाही हे सरांच्या बायकोपेक्षा तिला जास्त ठाऊक असायचं. दिवाळीची सुट्टी होती, मी नाशिकला आणि सर कळवणला. सकाळी दहाला साप चावला. घरच्यांनी बहिरूला विचारलं नाही, राज्याच्या सीमेपलीकडच्या कोण्या मोठ्या भगताकडे जीपने नेलं. तिथे पाच तास पाला चोळत बसले. दवाखान्यात आणली तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

सुट्टीवरून आलो आणि सर मला घेऊन थेट दवाखान्यात गेले. सर्पदंशाची माहिती घ्यायची, गावात व्याख्यान ठेवायचं, असं त्यांच्या डोक्यात. डॉक्टर भला माणूस. आमच्या गावाचं नाव ऐकल्यावर त्याने विचारलं, "तुमचा तो म्हातारा भगत कुठे गेला हो? वारला की काय?"

"का?" सरांनी विचारलं.

"अहो, साप चावलेला माणूस सगळ्यात लवकर यायचा तो तुमच्याच गावातून. भगत स्वतः घेऊन यायचा. देवाने सांगितलंय, सुई घेतल्याशिवाय माघारी फिरायचं नाही, म्हणायचा. यंदा दिसलाच नाही."

सर बाकड्यावर बसले. उरलेल्या दाण्यावर देव काय सांगतो, हा रकाना वहीत आखलेलाच नव्हता. तेवीस वेळा एक दाणा उरला होता आणि तेवीस वेळा देवाने आजाऱ्याला दवाखान्यात धाडलं होतं. गावाला हे माहीत होतं. आम्हा पाचच्या जीपने परतणाऱ्या मास्तरांना तेवढं माहीत नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलं नाही. आणि आम्ही बहिरूचा देव खोटा ठरवला तेव्हा गावाने साधा हिशेब केला: देवच खोटा, तर त्याने सांगितलेला दवाखाना तरी खरा कशावरून?

तिथून आम्ही बहिरूकडे गेलो. तो अंगणात दोरी वळत होता.

"बाबा, तेव्हाच का नाही बोललात?" सरांनी विचारलं.

"काय बोलू, गुरुजी? दाणा तर मी लपवतच होतो." बहिरूने दोरी खाली ठेवली नाही. "भाऊ माझा असाच गेला. मी मंत्र घालत बसलो, माझ्या मांडीवर गेला. तवापासून लपवतो. नुसतं दवाखान्यात चला म्हटलं तर कोणी उठत नाय. पण हे सगळ्यांदेखत सांगितलं असतं, तर देव पुरताच खोटा झाला असता."

सर त्याच्या पाया पडायला वाकले. बहिरूने पाय मागे घेतले. "नका पडू. त्यानं लंकाबाई उठायची नाय."

देव मानणारा माणूस असता तर त्र्यंबकला गेला असता, काही विधी केला असता, दान दिलं असतं, आणि घरी येऊन चार घास जेवला असता. सरांना जायला जागाच नव्हती. "मला माफ करणारं वर कोणी नाही, बाई," एकदा म्हणाले, "आणि जी करू शकली असती तिला मी मारलं." मी म्हटलं, "सर, साप तुम्ही नाही सोडला." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तसं काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी मात्र पंचवटीत रामाच्या पायरीवर डोकं टेकवून आले. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. मला हलकं वाटलं नाही.

पुढच्या जुलैत, भाताच्या आवणीत, रोपं लावताना, गावातल्या धोंडाबाईच्या मुलाला, दत्तूला साप चावला. भर दुपारी शाळेसमोरून जीप निघाली ती सीमेकडे. सर वर्ग टाकून धावले आणि जीपसमोर उभे राहिले. विष रक्तात कसं भिनतं, सुई काय करते, सगळं ओरडून सांगितलं. मीही सांगितलं. जीपमधलं कोणी हललं नाही.

"लंकाबाई दवाखान्यातच मेली ना, गुरुजी?" धोंडाबाई म्हणाली. "सरका बाजूला."

दत्तूचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. सरांनी एकवार त्या पायाकडे पाहिलं. मग जमलेल्या लोकांत मागे उभ्या असलेल्या बहिरूला हाक मारली. "बाबा, सूप आणा!" आणि लोकांकडे वळून, शाळेत प्रार्थनेला लावतात त्या चढ्या आवाजात म्हणाले, "विज्ञान दिनाला मी खोटं बोललो. बहिरूबाबांनी दाणा लपवला नव्हता. त्यांचा देव खरा आहे."

बहिरूने दाणे मांडले. एक दाणा उरला. सरांनी सगळ्यांदेखत हात जोडले, डोळे मिटले. जीप वळली आणि बहिरूला घेऊन दवाखान्याकडे गेली. दत्तू वाचला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत राखी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. लंकाबाईची मुलगी, वीस वर्षांची, आईच्या जागी आता तीच खिचडी शिजवते.

"गुरुजी, बहिरूबाबाचा देव खरा होता, तर मग आईच्या वक्ताला तुम्ही तो खोटा का केला होता?"

सरांना थाप मारता आली असती. काल एक मारून झालीच होती. पण ते खुर्चीवरून उठले आणि उभं राहून तिला सगळं सांगितलं. वही, तेवीस वेळा, दवाखाना, बहिरूचा भाऊ. स्वतःला कुठे पाठीशी घातलं नाही. राखी ऐकत होती. रडली नाही.

"म्हंजी काल तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"आन् आई जायच्या आधी बोललात ते खरं."

"हो." सरांचे डोळे वाहत होते. "रविवारी गाव बोलावतो. सगळ्यांपुढे सांगतो. मग तू म्हणशील ती शिक्षा."

"नाय सांगायचं," राखी म्हणाली.

"राखी, मला हे आत ठेवून जगता येणार नाही."

"तुम्हाला हलकं वाटंल, गुरुजी. पण गाव जीप पुन्हा तिकडंच वळवील." ती आत गेली आणि मुलांची ताटं मांडायला लागली.

सर गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपाला अख्खं गाव आलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं. धोंडाबाईने माईकवर सांगितलं की आमचे गुरुजी आधी देवाला मानत नव्हते, पण देवानेच त्यांना वाटेवर आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहिरूने पुढे येऊन सरांच्या कपाळाला गुलाल लावला. मग सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उभे राहिले, तोंड उघडलं, आणि त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. राखी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे एकटक बघत होती. सर "धन्यवाद" म्हणाले आणि खाली बसले.