अँगलमामाची मुकी जीप

मामाचा सदरा पुढून पांढरा आणि पाठीमागून काळाकुट्ट असायचा. गाडीत माणसं बसलेली असली तरी हा बाबा खुशाल जीपखाली शिरायचा आणि उताणा पडून तिचा सांगाडा निरखत बसायचा. धसई ते मुरबाड प्रवासी नेणारी त्याची जुनी जीप होती. मी कॉलेजला तिच्यातूनच जायचे. सांगाड्याला त्याने आडवे लोखंडी अँगल जोडून घेतले आणि तेव्हापासून अख्खा स्टँड त्याला अँगलमामा म्हणायला लागला.

अँगल लागायच्या आधी ती जीप भलतीच बोलकी होती. खड्डा आला की मागचं दार आपसूक उघडायचं. ओढ्याजवळच्या वळणावर तर सगळं धूड कुरकुरायचं. कुरकुर सुरू झाली की मागे लोंबकळणारे ओरडायचे, "मामा, हळू रे!" मग मामा ब्रेकवर पाय ठेवायचा. रोजचंच होतं ते, कुणाला त्याचं काही वाटत नसे.

शहापूरच्या एका गॅरेजात त्याने कुणाच्या तरी गाडीला असे अँगल पाहिले आणि ते त्याच्या डोक्यातच बसले. तिथूनच वेल्डिंग करून आला तो स्वतःचं लग्न ठरल्यासारखा खुशीत. "पोरी, आता वळणावर गाडी अंग चोरत नाय बघ!" फरक पडला होता, उगाच नाही कशाला म्हणू? दार उघडेना, गाडी डुलेना, भाजीच्या पाट्या जागच्या जागी राहायला लागल्या.

मामीला मात्र ते पटलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी ती पुढे बसायची, दांडी घट्ट धरून. "गाडी तीच हाय, तुमीच जोरात हाकता. आधी कुरकुरायची तवा तुमाला कळायचं तरी. आता मुकी झालीय ती. काढून टाका ते अँगल."

"काढतो गो, कापणी होऊ दे," असं म्हणून मामा माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचा. कापणी झाली, झोडणीही झाली. अँगल तिथेच राहिले.

एका दुपारी मुरबाडला माणसं उतरवून तो रिकामी जीप घेऊन परत येत होता. ओढ्याजवळच्या वळणावर खडी पसरली होती. गाडी कुरकुरली नसणार, आणि ओरडायला मागे कुणी नव्हतं. जीप ओढ्यात गेली. मामा जागीच गेला.

मला रडू आलं नाही. माणसं येत होती, मी चहा देत होते, एवढंच आठवतं. अजूनही रडू येत नाही, आत नुसतं बधिर वाटतं. जीप भंगारात निघाली तेव्हा टप चेपलेला, दार कुठे गेलं पत्ता नाही, आणि अँगल मात्र सरळच्या सरळ. मामा असता तर हाताला धरून मला ते दाखवायला घेऊन गेला असता.

अँगल मामीने ठेवून घेतले. मला वाटलं होतं, ती ते डोळ्यांसमोर नको म्हणेल. तिने ते अंगणात खांबांसारखे रोवले आणि त्यांवर काकडीचा मांडव घातला. पुढच्या पावसाळ्यात मी गेले, तेव्हा सोसाट्याचा वारा सुटला होता. शेजारच्यांचा बांबूचा मांडव करकरत होता. मामी दारात बसून आपल्या मांडवाकडे बघत होती.

"हलत नाय बघ," ती म्हणाली. "खरं बोलायचे तुझे मामा."

मी तिच्याजवळ बसले.

"एकदा कुरकुरली असती गो," मग ती म्हणाली. "एकदाच."