नानाच्या ब्लूबेरीची माती

नाना गेल्याचा फोन वहिनीचाच आला. मी अमरावतीत भाजी निवडत होते. “ताई, तुमचे भाऊ गेले,” एवढंच ती बोलली, आवाज अगदी कोरडा. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण मग नानाबद्दल बोलायला फारसं उरतच नाही.

अकोल्याच्या उन्हात ब्लूबेरी पिकवायची, हे खूळ वकिली सोडल्यावर त्याच्या डोक्यात शिरलं. जठारपेठेतल्या घराच्या गच्चीवर हिरवी जाळी ताणली. पहिली झाडं नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात लावली. पाणी तुंबलं, मुळं सडली. मग पाइनच्या सालीचे तुकडे, परलाइटचे हलके पांढरे खडे, चिमूटभर गंधक असं करत मिश्रण सुधारत गेलं. या झाडाला आंबट माती लागते, चुना अजिबात खपत नाही. बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून पावसाचं पिंपांत साठवायचं. हौसेला मोल नसतं. नानाच्या हौसेचं मोल वहिनीच्या हातांनी चुकवलं. कोकोपीट खारं असतं म्हणून ती ते टबात पुन्हा पुन्हा धुवायची, कुंड्या भरायची, आणि पान पिवळं पडलं की शिव्या खायची. पाहुण्यांना नाना मूठभर फळं दाखवून म्हणायचा, “माह्या हातची.”

एकदा वहिनीचे वडील आले. मूर्तिजापूरजवळ त्यांचा भाजीचा मळा. जावयाला झाडांची आवड म्हणून म्हाताऱ्याने मळ्यातली काळी माती पोतंभर खांद्यावरून गच्चीवर चढवली. नानाने सगळ्यांसमोर पोतं लाथेने आडवं केलं. “तुमची माती तुमच्या वांग्याले द्या. माह्या झाडाले जहर आहे ते.” म्हाताऱ्याने सांडलेली माती ओंजळीने भरली आणि पोतं घेऊन जिना उतरला. पुन्हा त्या घरी आला नाही.

म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा वहिनीने माहेरी जायचं काढलं. नाना म्हणाला, “उन्हाळा आहे. झाडं कोन पाहीन?” अकोल्याहून मूर्तिजापूर ते किती लांब... वहिनी पोचली तेव्हा चिता विझली होती. बापाचं तोंड तिला दिसलं नाही. परत आल्यावर तिने कुंड्यांना पाणी घातलं.

नानाची राख सावडून आणली तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, “नदी कावून खराब करा? भाऊचा जीव ज्या झाडात होता, त्यालेच देऊ.” आमच्याकडे आता ही रीत पडली आहे. सगळ्यांना पटलं. वहिनीने मान हलवली. सगळ्यात मोठ्या कुंडीतली माती तिने स्वतः उकरली, राख हाताने नीट कालवली, वर बोअरचं पाणी घातलं. सगळे डोळे पुसत होते.

परवा गेले तर त्या झाडाची पानं कडेने जळून वळली होती. मी विचारलं, “वहिनी, राख म्हंजे या झाडाले चुनाच. तुमाले मालूम नोतं?”

“मालूम होतं न,” ती म्हणाली. “इतकी वर्सं हेच तर शिकवलं त्याईनं.”

मग तिने गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली, पिशवी उचलली आणि मूर्तिजापूरच्या गाडीला निघाली, भावाकडे, उन्हाळाभर. जाताना ती कुंडी तिने जाळीखालून ओढून भर उन्हात ठेवली. नाना माझा सख्खा भाऊ. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, रडू येईल म्हणून वाट पाहिली. कुंडी सावलीत ओढावी, असं काही वाटलं नाही.